आठ क्विंटलचा गेमिंग पीसी: दहा महिने वापरल्यानंतर

जानेवारी २०२५ मध्ये बाबांनी सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापूस मोजून दिला. ओलावा आठ टक्क्यांच्या आत भरला म्हणून कट्टी (भावातली कपात) बसली नाही, लांब धाग्याचा क्विंटलला पूर्ण ७,५२१ चा भाव मिळाला. त्यातल्या आठ क्विंटलचे पैसे माझ्या हातात आले. ६०,१६८ रुपये. तेव्हापासून आमच्या घरी या मशीनची किंमत रुपयांत कोणी सांगत नाही. पाहुणे आले की बाबा खोलीकडे बोट दाखवतात, "आठ क्विंटलचं हाये ते."

मी आर्वी तालुक्यातला. गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो, त्यामुळे कॉम्प्युटर नवीन नाही. पण सुटे पार्ट आणून स्वतः जोडायची ही पहिलीच वेळ. घेतलं ते असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपचा छोटा बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळे पार्ट बसतात), आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एक टीबीची एनव्हीएमई (माहिती साठवायची वेगवान डिस्क), ५५० वॅटचा ब्रॉंझ दर्जाचा एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. हे सगळं ५४,००० ला पडलं. उरलेल्यात कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि एक यूपीएस. मॉनिटर केंद्राच्या कमाईतून वेगळा घेतला. अर्धे पार्ट ऑनलाइन, अर्धे नागपूरला बर्डीच्या बाजारात जाऊन.

कोणता पार्ट कोणत्या पार्टला चालतो, यावर मी दोन महिने व्हिडिओ बघितले. वहीत तक्ता केला होता. एएम४ जातीचा प्रोसेसर एएम४ च्याच सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या त्याच्या बैठकीत), डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही, आरएक्स ६६०० ला १३२ वॅट आणि एक आठ पिनचा जोड लागतो, ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही म्हणून कार्डाशिवाय स्क्रीन लागणारच नाही. सगळं जुळत होतं. आमचं घर आणि आमची लाइन मात्र त्या तक्त्यात कुठेच नव्हती, आणि पुढच्या दहा महिन्यांत बहुतेक खर्च तिथेच झाला.

आधी बोर्डाचं सांगतो, कारण ती चूक शुद्ध माझी. बी५५० (पुढच्या पिढीचा बोर्ड) आणि बी४५० मध्ये तेव्हा तीन हजारांचा फरक होता. कंपनीच्या साइटवर बी४५० च्या यादीत ५६०० चं नाव होतं, म्हणून घेऊन टाकला. त्या यादीत शेवटी एक रकाना असतो: हा प्रोसेसर कोणत्या बायोसपासून (बायोस म्हणजे बोर्डातच भरलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) चालतो. तो मी वाचला नाही. बी४५० ची चिप २०१८ ची, प्रोसेसर आला एप्रिल २०२२ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुनी बायोस असेल तर बोर्ड या प्रोसेसरला ओळखतच नाही. खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असं लिहिलंय का ते बघायचं असतं. माझ्या खोक्यावर नव्हतं.

चालू केलं. पंखे फिरले, लाइट लागले, स्क्रीन काळी. बोर्डावर चार बारीक दिवे असतात, त्यातला सीपीयूचा पेटून राहिला. मला वाटलं प्रोसेसर नीट बसला नसेल, काढून परत बसवू. प्रोसेसरवरच्या कूलरचे (त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्याचे) चार स्क्रू सोडवले आणि सरळ वर ओढला. जानेवारीची थंडी, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट घट्ट झालेली. टक् असा आवाज झाला आणि सॉकेटची कडी बंद असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून वर आला. उलटा करून बघितलं तर १,३३१ पिनांच्या त्या शेतात कोपऱ्यातल्या दोन आडव्या पडलेल्या. दहा हजार चारशे रुपये हातात, आणि हात थरथरतोय.

बहिणीच्या कंपासमधली पेन-पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं आणि तिचं रिकामं टोक पिनेवर घालून केसाकेसाने उभी केली. दोन पिनांना पाऊण तास लागला. बाजूच्या रांगेला एटीएम कार्डाची कड लावून सरळ आहे का ते बघायचं, पुन्हा थोडी. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "सुईत दोरा ओवून रायला का?" शेवटी प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला तेव्हा जीव भांड्यात पडला. कूलर काढायचाच असेल तर तो डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवावा, आणि मशीन चालू होत असेल तर आधी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी. एएम५ मध्ये पिना बोर्डावर गेल्या आहेत, त्यामुळे तिथे हे संकट नाही. तिथे वेगळी काळजी.

पिना सरळ झाल्या तरी स्क्रीन काळीच. काही बोर्डांवर बायोस बदलायचं वेगळं बटण असतं. पेन ड्राइव्ह लावून, प्रोसेसर नसला तरी काम होतं. माझ्या स्वस्त बोर्डावर ते नव्हतं. मग ग्राफिक्स कार्ड काढून पिशवीत, कॅबिनेट मांडीवर, आणि एसटीने अमरावती. (कार्ड काढूनच न्या. आमच्या रस्त्यांवर त्याच्या वजनाने स्लॉट निखळू शकतो.) तिथल्या दुरुस्तीवाल्याने रायझन ३ २२००जी हा जुना प्रोसेसर लावला, बायोस नवीन केली, माझा परत बसवला. पाचशे रुपये. म्हणजे वाचवलेल्या तीन हजारांतून पाचशे, एसटीचं भाडं आणि माझं केंद्र बंद राहिल्याचा एक दिवस वजा करा.

बी४५० चं आणखी एक. त्याच्यात कार्ड आणि बोर्डामधली देवाणघेवाण पीसीआयई ३.० या जुन्या, हळू पद्धतीने चालते आणि आरएक्स ६६०० ला त्यासाठी आठच लेन (मार्गिका) आहेत. कार्डात ८ जीबी मेमरी असल्यामुळे मला खेळताना फरक जाणवत नाही. याच पैशाच्या ओढाताणीत मी आधी आरएक्स ६५०० एक्सटी घेणार होतो. त्याला चारच लेन आणि ४ जीबी. अशा जुन्या बोर्डावर ते कार्ड चांगलंच मार खातं. ते घेतलं नाही हे नशीब.

बाकीचे पार्ट निमूट चालले. दोन वेंधळेपणा कबूल करतो: मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा), पण विंडोजमध्ये तो महिनाभर ६० वरच होता. आणि ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय) चालू करेपर्यंत २४०० वर धावत होती. व्हॅलोरंट या गेमने विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागितल्या, त्याही बायोसमध्येच सापडल्या.

आता घराचं. पाचव्या दिवशी अनवाणी फरशीवर उभा राहून मागची केबल लावत होतो, मनगट कॅबिनेटच्या स्क्रूला लागलं आणि झिणझिण्या आल्या. झटका नाही, मुंग्या चावल्यासारखं. टेस्टर लावला तर दिवा लागला. मला वाटलं एसएमपीएस खराब, परत पाठवायला निघालो होतो. तो खराब नव्हता. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले बारीक कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी मधल्यामध्ये, सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्टवर तरंगत राहते आणि तुमच्या पायातून जमीन शोधते. भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडून बघितला तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. भोक आपलं शोभेला. घर बांधलं तेव्हापासून तसंच.

वायरमनला बोलावलं. न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ खड्डा केला, कारण तिथली माती ओली राहते. जीआयचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून माझ्या खोलीपर्यंत वेगळी वायर. साहित्यासकट १,८०० रुपये. बाबांच्या हिशोबाने पाव क्विंटल. नंतर मल्टिमीटरने बघितलं: फेज ते अर्थ २२८, न्यूट्रल ते अर्थ २. मे महिन्यात माती वाळली तेव्हा हाच न्यूट्रल-अर्थचा आकडा चढायला लागला. दोन बादल्या पाणी ओतलं की खाली. पहिला पीसी जोडणाऱ्याने प्रोसेसरच्या आधी घरातलं तिसरं भोक तपासावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

यूपीएस हा या सगळ्यातला सर्वांत वाया गेलेला खर्च. ६०० व्हीए लिहिलेला, ३,२०० ला. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, त्याच्या मागे बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलंय. फॉर्म भरताना लाइन गेली तर ठीक. गेम चालू असताना गेली की टप् करून सगळं बंद. वॅटही काठावर, आणि हे स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की गुळगुळीत साइन वेव्हऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह देतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट नीट ओढणारा भाग) असतो, त्याला ती पचतेच असं नाही. म्हणजे एसएमपीएस चांगला घेतला म्हणून यूपीएस चालेना.

उपाय घरातच होता. पंखे आणि दिव्यांसाठी आमच्याकडे साइन वेव्हचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे. त्याच्यावर लावून बघितलं, तरी लाइन गेली की मशीन रीस्टार्ट. दोन दिवस डोकं खाजवल्यावर इन्व्हर्टरच्या पाठीमागे, कोळ्याच्या जाळ्यात, एक खटका दिसला: एका बाजूला इको, दुसऱ्या बाजूला यूपीएस. इको मोडमध्ये तो बॅटरीवर यायला वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, पण एसएमपीएस भरल्या लोडवर जेमतेम पंधरा-सोळा मिलिसेकंद तग धरतो. खटका पलीकडे केला. त्या दिवसापासून लाइन गेली तर मला पंख्याच्या आवाजावरूनच कळतं.

पण खटका यूपीएसच्या बाजूला असला की व्होल्टेजचे नखरे असतात. साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइन असूनही बॅटरीवर जातो. आमचं घर शेतालगत, डीपी (ट्रान्सफॉर्मर) एकच. हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला मोटारी सुरू झाल्या की माझ्याकडे १७०. बॅटरी तासाभरात बसते. थेट लाइनवर लावलं तर मशीन चालतं, कारण माझ्या एसएमपीएसच्या लेबलवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय. हे मी बघून घेतलं नव्हतं, योगायोग. स्वस्तातल्या कित्येकांवर २००–२४० असतं. म्हणून ओलिताच्या दिवसांत मी मोटारी बंद असतात तेव्हाच खेळतो. आमच्या वेळापत्रकावर शेवटी मोटारीचंच राज्य.

उन्हाळा. बाहेर ४५, खोलीत दुपारी ४०. सोबत आलेल्या छोट्या कूलरवर प्रोसेसर ८८ पर्यंत जायचा आणि याची मर्यादाच ९० आहे. नवीन टॉवर कूलर घ्यायला निघालो होतो, तेवढ्यात बायोसमधला इको मोड सापडला. ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वर येतो. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ७५ वर बांधली. दोन्ही मिळून तापमान ७४-७५ वर आलं आणि एक पैसा लागला नाही. ऑक्टोबरात परत पूर्ववत केलं. खोलीतल्या खसच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओल्या हवेत धूळ पंख्याच्या पात्यांना लेपासारखी बसते, ब्रशने निघत नाही.

आणि आता शेवटची परीक्षा चालू आहे. नव्या हंगामाचा कापूस बाजूच्या खोलीत छतापर्यंत भरलाय. त्याचे तंतू हवेत तरंगतात ते दिसत नाहीत, पण आठ दिवसांत पुढच्या जाळीवर बोटभर जाडीची गादी तयार होते. आईच्या जुन्या पातळाचा तुकडा जाळीवर ताणून लावला. तंतू अडले, पण तापमान सहा डिग्रीने वाढलं. थंडीत तेवढं चालतं, मे महिन्यात काढावा लागेल. रविवारी तुकडा झटकायचा, जाळी ब्रशने. मोटारसायकलवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका, त्यातून पाणी येतं. हातातल्या ब्लोअरने मारा, आणि पंखा बोटाने धरून ठेवा.

आज परत घ्यायचं तर बोर्ड बी५५० घेईन, यूपीएस घेणारच नाही, बाकी सगळं तेच.

परवा बाबांनी विचारलं, अजून चांगलं चालतं नं? म्हटलं हो. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० ठरला होता. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "मंग तं थांबाले पायजे होतं बाप्पा, साडेसात क्विंटलात झालं असतं." मी त्यांना रॅमचा त्या दिवशीचा भाव दाखवला. ३,३०० ला घेतलेली जोडी दुपटीच्या पुढे गेली होती. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्याले हमीभाव कोन देते?"