दर रविवारी सकाळी ७: किनाऱ्यावरच्या पक्षीसहलीत फसवतात कसे

समुद्रकिनाऱ्यावरच्या एकदिवसीय पक्षीसहलीत पैसे घेऊन गायब होणारे आयोजक कमी. नेहमीची फसवणूक अशी की बस वेळेवर येते, सहल होते, फक्त पक्षी दिसत नाहीत. आणि ते दिसणार नाहीत हे तारीख ठरली तेव्हाच कळण्यासारखं असतं.

वसंताच्या सुरुवातीला झालेला एक प्रकार घ्या. जाहिरात होती: ‘दर रविवारी सकाळी ७ ते १२, स्थलांतरित वेडरचे प्रचंड थवे, तज्ज्ञ मार्गदर्शक, स्पॉटिंग स्कोप, ६० प्रजातींची हमी.’ वेडर म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चालत चरणारे किनाऱ्यावरचे पक्षी, स्पॉटिंग स्कोप म्हणजे तिवईवर लावायची मोठी दुर्बीण. पैसे सगळे आगाऊ. गट उतरला तेव्हा पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे ओहोटी उधाणाची. पाणी दीड किलोमीटर मागे हटलेलं आणि सगळे पक्षी त्या पाण्याच्या कडेला. १० पट दुर्बिणीतून दीड किलोमीटरवरचा पक्षी नुसत्या डोळ्यांनी १५० मीटरवरून दिसावा तेवढाच दिसतो. वीसेक सेंटिमीटरचा तुतारी पक्षी तेवढ्या अंतरावरून ओळखणं अशक्यच. ऊन चढलं की ओल्या चिखलावरची हवा थरथरू लागते, मग स्कोपसुद्धा कामाचा राहत नाही. भरती दुपारी ३ च्या सुमारास होती, बस १२ ला निघाली. तक्रार केल्यावर उत्तर ठरलेलं: ‘निसर्ग आहे, आमच्या हातात काय?’

निसर्ग खराच, पण या बाबतीत त्याचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलेलं असतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात ती जवळजवळ ६ तास सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी ९ ला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा भरती. ‘दर रविवारी सकाळी ७’ ही सहल साधारण एकाआड एक आठवडा वाया जाणारच. आयोजकाला बस अर्ध्या दिवसाच्या भाड्यात हवी असते, म्हणून वेळ बदलत नाही. जाहिरातीखालचे खूष ग्राहकांचे अभिप्राय बहुतेकदा खरेच असतात, ते चांगल्या रविवारचे. विकला जातो तो दुसरा रविवार.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. त्या किनाऱ्याला सगळ्यात जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडा आणि वेळेबरोबर पाण्याची उंचीही बघा. चिखलपट्टीवर चरणारे चिखल्या, तुतारी, कोरल हे पक्षी चढत्या पाण्याबरोबर किनाऱ्याकडे ढकलले जातात. पाहायला उत्तम काळ भरतीच्या आधीचे दोन-तीन तास. सहा तासांच्या चढात निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच चढतं, त्यामुळे थवे जवळ येतात ते झपाट्याने, आणि उशिरा पोहोचणाऱ्याचं नेमकं तेच हुकतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार वर चढत नाही, तेव्हा रुंद किनाऱ्यावर भरतीलाही पक्षी लांबच राहू शकतात. खाडीत आत जायचं असेल तर भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते. ज्या देशांत वसंतात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथे तक्त्यातली वेळ जुनी की नवी हेही पाहावं लागतं. हे सगळं आयोजकाला विचारा: ‘त्या दिवशी भरती किती वाजता, किती उंच, आणि तेव्हा आपण नेमके कुठे उभे असू?’ जाणकार माणूस लगेच सांगतो. ‘पक्षी दिवसभर असतात’ असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.

जाहिरातीतले फोटोही बोलतात. उत्तर गोलार्धात वसंताच्या सुरुवातीला बहुतेक वेडर अजून हिवाळ्याच्या करड्या रंगात किंवा अर्धवट रंगलेले असतात. सगळेच पक्षी विणीच्या गडद तांबड्या-काळ्या रंगात दाखवले असतील, तर फोटो दुसऱ्या महिन्याचे किंवा दुसऱ्याच देशातले असण्याची शक्यता मोठी. इमेज सर्चमध्ये टाकले की मूळ जागा अनेकदा सापडते. प्रजातींच्या हमीची शहानिशा ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळावर, होते. त्या जागेचा आलेख महिन्याचे चार भाग पाडून कोणता पक्षी कधी किती नियमित नोंदला जातो ते दाखवतो. हमीच्या यादीतली नावं त्या आठवड्यात तिथे रिकामी दिसली की समजायचं. मुळात आकड्याची हमी देणारा माणूस पक्षीनिरीक्षक कमी आणि विक्रेता जास्त.

स्कोपबद्दल ‘आहे का’ एवढंच विचारू नका, ‘किती जणांत एक’ हे विचारा. ३० जणांत एक स्कोप, प्रत्येकाला अर्धं मिनिट, म्हणजे एक फेरी १५ मिनिटांची. तोवर पक्षी उडून गेलेला असतो. एका स्कोपमागे दहा-बारा माणसं हीच ताणून धरलेली मर्यादा. मार्गदर्शकाचं नाव लेखी घ्या आणि तो आला नाही तर काय, हेही. ‘ऐन वेळी आजारी’ तज्ज्ञाच्या जागी बसचा व्यवस्थापक पक्षी दाखवायला उभा राहणं ही जुनी युक्ती आहे.

भरतीची वेळ साधली तरी एक वेगळा धोका उरतो. ग्राहक नाराज होऊ नयेत म्हणून काही आयोजक भरतीला दाटीनं विसावलेल्या थव्याकडे चालत जातात आणि तो उडवतात. फोटो झकास येतात. पण हे पक्षी लांबच्या उड्डाणासाठी चरबी साठवत असतात. प्रत्येक उडवणीत ती खर्च होते, आणि भरती असल्यामुळे चरायला जागाही उरलेली नसते. ‘थवा उडताना दाखवू’ असं आश्वासन जाहिरातीत असेल तर ती सहल टाळाच.

पैशांचं थोडक्यात. ‘शेवटच्या दोन जागा’ या घाईला भुलू नका. संस्थेच्या नावाने जाहिरात आणि खातं मात्र कुणा भलत्याच व्यक्तीचं असेल तर थांबा. ‘परवानगी शुल्क’ वेगळं मागितलं तर ज्या कार्यालयाची परवानगी सांगतात तिथे स्वतः विचारा. पुष्कळ उघड्या किनाऱ्यांना ती लागतच नाही, आणि जिथे लागते तिथे आयोजकाने अनेकदा काढलेलीच नसते. सहल रद्द झाल्यास किती दिवसांत किती परत, हे संदेशात लिहून घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढून ठेवा, कारण तक्रारी सुरू झाल्या की ती पोस्ट नाहीशी होते. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे हरकत नोंदवायला उशीर करू नका, त्याला मुदत असते.

सहलीनंतर आयोजक ई-बर्डवरची यादी गटाला शेअर करतो. तिच्यात ६० चा आकडा कसाबसा भरलेला असतो, बसमधून दिसलेल्या कावळ्यासकट आणि कुणालाच न दिसलेल्या सुरय पक्ष्यांसकट. ती तशीच स्वीकारली तर त्या नोंदी तुमच्याही नावावर चढतात, आणि पुढे तक्रार केलीत तर ‘यांनीच तर पाहिले’ म्हणून तुमच्यासमोर ठेवल्या जातात. स्वीकारलेली प्रत आपल्याला बदलता येते. न पाहिलेली नावं त्याच दिवशी काढा, तिथे उभं राहिल्याची खरी वेळ टिपणीत लिहा, आणि तक्रारीला त्या तारखेचा भरतीचा तक्ता जोडा.