इन्सॅनिटीचे ६३ दिवस आणि माझा वजनकाटा

काटा गेला. सात महिने चालला आणि परवा सकाळी उभा राहिलो तर आकड्याच्या जागी चार आडव्या रेघा. सेल बदलले, पालथा करून थोपटला, उन्हात ठेवला. रेघा त्या रेघाच. मग आठवलं, वॉरंटी वर्षाची आहे. पिशवीत घालून डोंबिवलीहून ठाण्याला नेला. काउंटरवरच्या मुलाने मागचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "काका, आत पाणी गेलंय. लिक्विड डॅमेज वॉरंटीत येत नाही."

"पाणी कुठलं? माझा घाम आहे तो."

"घाम पण लिक्विडच ना, काका."

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. 'काका' ऐकायची सवय झालीय, पण १,८९९ रुपये मोजून ऐकायची नाही. असो. काट्यावर नंतर येतो, कारण त्याच्यावर मला बरंच बोलायचंय. आधी ज्याच्यासाठी तो घेतला ते.

इन्सॅनिटी, म्हणजे डीव्हीडी लावून घरी करायचा व्यायामाचा कार्यक्रम, माझ्याकडे फुकट आली. मावसभावाने न्यू जर्सीतलं घर बदलताना डीव्हीडीचा डबा आमच्याकडे आणून टाकला होता. कार्यक्रम २००९ चा. त्यातला ट्रेनर शॉन टी ओरडतो, आपण उड्या मारायच्या. डंबेल नको, बार नको, काही नको. साठ दिवसांचा म्हणतात, पण मधला रिकव्हरीचा आठवडा धरला की कॅलेंडर ६३ दिवसांचं होतं. नेहमीच्या इंटरव्हल व्यायामात थोडा वेळ जोर आणि बराच वेळ आराम असतो. इथे उलटं. तीनेक मिनिटं जीव तोडून करायचं आणि अर्धा मिनिट श्वास घ्यायचा, त्यातही पाणी प्यायचं की घाम पुसायचा हे आपणच ठरवायचं.

नवख्यांना कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे वॉर्म-अप. तोच आधी मारतो. जॉगिंग, पॉवर जॅक, लॉग जम्प, हाय नीज अशी माळ, तीच तीन वेळा, दर वेळी जास्त वेगात. पहिल्या दिवशी मला वाटलं झालं आजचं. टॉवेल घेऊन खुर्चीत बसलो तर शॉन टी म्हणतो, आता स्ट्रेचिंग करू आणि मग सुरुवात करू. मी डीव्हीडी प्लेअर बंद केला. व्हिडिओतली कमावलेली माणसंही मध्येच गुडघ्यावर हात टेकून उभी राहतात, हे बघून दुसऱ्या दिवशी परत लावला.

पहाटे साडेपाचला करायचो. आम्ही पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान, त्या वेळी बंद. म्हणून सोसायटीत अब्रू राहिली.

एक चूक माझीच. पहिले बारा दिवस अनवाणी केलं, लादीवर. बूट घ्यायचे वाचवले. तेराव्या दिवशी डावा गुडघा असा दुखला की जिना उतरताना कठडा धरावा लागला. चार दिवस बंद, मग मुकाट्याने ३,२०० चे बूट आणि खाली जाड मॅट. म्हणजे फुकटचा कार्यक्रम मला किती पडला ते तुम्हीच जोडा. गुडघ्याचं आधीचं दुखणं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका, नुसत्या उड्याच आहेत.

कार्यक्रमातच एक फिट टेस्ट असते, तिचे आकडे खोटं बोलत नाहीत. आठ प्रकार, प्रत्येकी एक मिनिट, किती होतात ते मोजायचं. पहिल्या दिवशी पॉवर जम्प १४, शेवटच्या दिवशी ३८. पुश-अप जॅक ९ वरून २४. ग्लोब जम्प ५ वरून ९, तो प्रकार ज्याने शोधला त्याला कधी भेटायचंय.

डीव्हीडींसोबतचं आहाराचं पुस्तक दिवसातून पाच वेळा थोडंथोडं खा म्हणतं. चांगलंय, पण त्यातले पदार्थ अमेरिकेतल्या किचनमधले. मी तत्त्व घेतलं, पदार्थ घरचे. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, ताक, चार अंडी (गुरुवार आणि चतुर्थी सोडून), सोयाबीनच्या वड्या. पावडरचा डबा घेतला नाही. वड्यांमध्ये शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्या किराणा दुकानात मिळतात. चतुर्थीची साबुदाणा खिचडी मात्र सुटली नाही.

खरा धक्का तेलाने दिला. साडेतीनशेचा स्वयंपाकाचा काटा आणला आणि बायको फोडणीला तेल घालताना कढई त्याच्यावर ठेवायला लावली. तिने माझ्याकडे कसं बघितलं ते लिहीत नाही. एक पळी तेल २८ ग्रॅम. ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे अडीचशे, आणि ती नुसती फोडणी. महिन्याला चौघांत चार लिटर लागायचं, आता दोन. पळी जाऊन चमचा आला, आणि भाजी तेवढीच चांगली लागते. निम्मं श्रेय मी या चमच्याला देतो.

आता काटा. पायातून बारीकसा करंट सोडून शरीरातली चरबी सांगतो म्हणे. करंट पाण्यातून सहज जातो, चरबीतून अडतो, त्यावरून हिशोब. म्हणजे अंगातलं पाणी बदललं की चरबीही बदलली. व्यायामाआधी २६.८ टक्के, तासाभराने घामेजल्या पायांनी २४.१. एका तासात पावणेतीन टक्के चरबी कोणाची जाते? वर काट्याच्या ॲपमध्ये 'ॲथलीट मोड' नावाचं बटण आहे. ते दाबलं की आणखी सहा टक्के उतरते. मग उड्या कशाला मारायच्या, बटणच दाबत बसू. तरी मी रोज त्यावर उभा राहायचो, दिवसातून तीनदा. आकडा वाढला की दुपारचा डबा बेचव. ६३ दिवसांत ८४.२ चा ७५.६ झालो, आणि पुढेही आठवड्यातून तीन दिवस करून तिथेच टिकलो.

पुढचं पाच आठवड्यांनी लिहितोय.

कंपनीला तीन मेल केले. तिसऱ्यात त्यांच्याच खोक्याचा फोटो जोडला. त्यावर घामाने निथळणारा एक माणूस त्याच काट्यावर उभा आहे. दहा दिवसांत नवा काटा घरपोच. वर म्हटलेलं थोडं मागे घेतो, त्या मुलावरचा राग मात्र तसाच आहे.

नव्या काट्यावर पहिल्याच दिवशी ७७.१. दीड किलो! पाच आठवडे काटा नव्हता, स्टेशनबाहेरचे वडापाव आठवले, दोन लग्नांची जेवणं आठवली. शिंप्याची टेप काढली. कंबर ३५ इंच, फेब्रुवारीत ६३ दिवस संपले तेव्हा होती तेवढीच. डिसेंबरात, सुरू करताना, ३९ होती. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात, तिच्या किंचित आत. स्टेशनजवळच्या मोच्याने पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली, तेच भोक अजून लागतं. मग दीड किलो आलं कुठून?

त्याच दिवशी गॅसचा भरलेला सिलिंडर आला. सिलिंडरच्या कड्यावर रिकामं वजन लिहिलेलं असतं. आमच्यावर १५.३ आणि आत गॅस १४.२, एकूण साडेएकोणतीस. काट्याची काच फुटू नये म्हणून वर पाट ठेवला, त्यावर सिलिंडर, आणि पाटाचे एक किलो चारशे वजा केले. २९.६ आले. नवा काटा सरळ आहे.

म्हणजे जुनाच कमी दाखवत होता. पहिल्या दिवसापासून तसाच असेल तर माझे ८.६ किलो खरे. मधेच कधी बिघडला असेल तर त्यातले दीड त्याचे, बाकीचे माझे. तो कंपनीकडे जमा झालाय, विचारायला सोय नाही. मी टेप आणि पट्ट्यावर आलोय, रविवारी एकदा.

सिलिंडर मापताना बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जुन्या काट्यावर तिचे ६३.८ भरले होते, आणि तो आकडा तिने सांगलीच्या बहिणीला फोनवर सांगून झालाय. नवा काटा मी सध्या कपाटावर ठेवलाय, मोठ्या सुटकेसच्या मागे.