आईचा अंगठा दोनदा घेतला, तेव्हाच कळायला हवं होतं

3,098 रुपये. एवढ्याला मला सिम विकणाऱ्या एका पोरानं फसवलं. त्यातले 1,549 आईच्या सिमचे, ते माझ्या खिशातले. उरलेले 1,549 मावशीचे, आणि तेही मीच तिला ‘घे गं, चांगला प्लॅन आहे’ म्हणून द्यायला लावलेले. रक्कम मोठी नाही हे मला पोलिसांनी सांगितलं, कंपनीच्या शोरूममधल्या बाईंनी सांगितलं, कारखान्यातल्या दोघा-तिघांनीही सांगितलं. आता कुणी सांगू नका. नुसत्या पैशाचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण आईच्या नावावर एक नंबर चालू आहे, तो आमच्या घरातल्या कुणीही घेतलेला नाही, आणि कोण वापरतंय ते मला आजही माहीत नाही.

मी बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. आई जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला आमच्या गावी एकटी राहते. मावशीचं घर भिंतीला भिंत लावून. त्या भागातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. चार महिने लाइट कधी असते कधी नसते, एसटीचा भरवसा नसतो, आणि आईचा आवाज ऐकायला माझ्याकडं फोनशिवाय दुसरं काही नाही. तिचा रिचार्ज मीच इथून मारायचो. मागच्या पावसात मला दोन दिवस उशीर झाला आणि नेमका त्याच दोन दिवसांत तिला ताप भरला होता. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदाच वर्षाचा प्लॅन मारून मोकळं व्हायचं.

मी अडाणीपणानं फसलो असं कुणाला वाटू नये म्हणून हेही सांगतो. 2024 च्या जुलैत खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, 155 चा 189 झाला, 179 चा 199 झाला, ते सगळं मला पाठ होतं. आईचा फोन बटणांचा. तिला नेट नको, तरी नेटचे पैसे भरायचे, याचा मला राग होता. मग 23 डिसेंबर 2024 ला ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम काढला की नुसतं बोलणं आणि एसएमएस यांचा वेगळा प्लॅन कंपन्यांनी ठेवलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत देता येईल. 2025 च्या सुरुवातीला ते प्लॅन आले. 84 दिवसांना 448 नाहीतर 469, 336 दिवसांना 1,748, 365 दिवसांना 1,849. मी हे कागदावर लिहून खिशात ठेवलेलं. 99 रुपयांत वर्षभर बोला म्हणणाऱ्यासमोर मी उभासुद्धा राहिलो नसतो. तो सिमवाला पोरगा वर्षाला म्हणाला 1,499. पोर्ट करणाऱ्यांना, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणाऱ्यांना, खास. आता तुम्हीच सांगा, यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? त्यानं आपला आकडा खऱ्या आकड्याला अगदी लागून ठेवला होता.

मे महिन्यात आईच्या संध्या सुरक्षाच्या, म्हणजे म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनच्या, कागदांसाठी खानापूरला गेलो होतो. मावशीही बरोबर आली, तिलाही तेच काम होतं. त्यामुळं दोघींची आधार कार्डं पिशवीत होतीच. कचेरीतलं काम झालं नाही, साहेब नव्हते. ऊन मरणाचं. बाजाराच्या तोंडाला कंपनीची छत्री लावलेली, खाली टेबल, दोन पोरं, अंगात कंपनीचा टी-शर्ट. त्यातला एक आईला बघून उठला आणि आपली खुर्ची दिली. ‘बसा अज्जी,’ म्हणाला. आमच्याच बोलीत बोलत होता.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मी तिथंच सैल झालो. आमच्या भागात कुठल्याही खिडकीवर गेलं की कानडीत विचारतात, फॉर्म कानडीत, पाटी कानडीत. मी मराठी शाळेत शिकलेला. कानडी बोलतो, पण वाचायला बसलं की अक्षर अक्षर लावावं लागतं. सकाळभर कचेरीत तेच करून डोकं उठलं होतं. आणि इथं एक पोरगा मराठीत म्हणतो, ‘काका, तुम्ही काय लिहू नका, मी सगळं भरतो.’ मी भरू दिलं. तुमच्या भाषेत बोलतोय म्हणून कुणाच्या हातात आधार कार्ड देऊ नका.

‘जांबोटीच्या पुढं रेंज आहे का?’ मी विचारलं होतं. ‘फुल्ल आहे काका, नवीन टॉवर झालाय.’ कंपन्यांच्या वेबसाइटवर नकाशा असतो, कुठं सिग्नल आहे तो दाखवणारा. माझ्या खिशात स्मार्टफोन होता. मी उघडला नाही.

आईचा फोन त्यानंच घेतला, 1900 ला पोर्टचा एसएमएस त्यानंच पाठवला, आलेला कोड त्यानंच टिपून घेतला. मग मशीन पुढं केलं. आईनं अंगठा ठेवला. मशीनवर हिरवी खूण आली. मी ती बघितली. या डोळ्यांनी बघितली. दोन-तीन मिनिटं तो काहीतरी दाबत राहिला आणि म्हणाला, ‘लागला नाही काका. अज्जींच्या रेषा झिजल्यात, परत एकदा ठेवा.’

आणि मला ते पटलं! का पटलं तेही ऐका. रेशन दुकानात आईचा अंगठा कधी पहिल्या झटक्याला लागत नाही. जन्मभर भाताची लावणी, शेण, राख, विळा, यात बोटांवर रेष राहिलीच नाही. दर महिन्याला तिला चार-पाचदा अंगठा ठेवावा लागतो, बोट ओलं करून, पदराला पुसून. त्यामुळं दुसऱ्यांदा ठेवा म्हटल्यावर आईनं स्वतःच बोट पुसलं आणि ठेवलं. मावशीचा एकदाच घेतला. दोघींचं वय सारखं, काम सारखं, हात सारखे. मावशीचा एकदाच कसा लागला, हा प्रश्न मला तिथं पडायला हवा होता. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ती हिरवी खूण दिसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मशीनला लागलेला प्रत्येक अंगठा म्हणजे एक केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आणि एका केवायसीवर एक सिम निघतं. पहिला अंगठा ‘लागला नाही’ म्हणत असेल तर मशीनची स्क्रीन आपल्याकडं वळवायला सांगा. वळवत नसेल तर उठा.

पैसे रोख घेतले. ‘ऑनलाइन दिलं तर 40 रुपये जास्त पडतात काका.’ दोन प्लॅनचे 2,998 आणि सिमचे 50-50, मिळून 3,098. पावती म्हणून त्याच्या नाव-नंबरच्या कार्डाच्या मागं पेनानं ‘1 वर्ष’ लिहून दिलं. मावशीनं कनवटीचे पैसे काढले, काजू विकून आलेले. मी म्हटलं, ‘मावशे, काळजी करू नको.’

तीन-चार दिवसांनी सिम चालू झाली. आईच्या फोनवर कंपनीचा मेसेज आला होता. मी त्या रविवारी गावी गेलो तेव्हा बघितला, नुसते चौकोन चौकोन. मेसेज कानडीत, फोनमध्ये कानडी अक्षरं नाहीत. मी तो पुसून टाकला. त्यातच प्लॅनची मुदत लिहिलेली असणार. सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं सिम बदललं तर पहिल्या दिवशी ते आपल्या फोनमध्ये घालून कंपनीच्या ॲपमध्ये मुदत बघा. पोराच्या तोंडावर जाऊ नका, कार्डाच्या पाठीवर तर नकोच.

रेंज नव्हतीच. घरात एक काडी नाही. आई फोन घेऊन देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायची, तिथून माझ्याशी बोलायची. जूनमध्ये पाऊस लागला आणि एक दिवस फोन लागायचा बंद झाला. मला वाटलं, पावसानं टॉवर गेला असेल. दुसरा दिवस, तिसरा दिवस. मावशीचाही लागेना. चौथ्या दिवशी खाडा करून गावी गेलो. आई ठीक होती. दोघींच्या सिमचा प्लॅन संपला होता, 28 दिवसांचा. त्यानं 199 चा मारला होता. म्हणजे 3,098 मधले 398 त्यानं कंपनीला दिले आणि 2,700 खिशात घातले. कार्डावरचा नंबर तोवर बंद.

पहिल्यांदा वाटलं, जुन्या कंपनीत परत जाऊ. जाता येत नाही. एकदा पोर्ट केलं की 90 दिवस नव्या ठिकाणी काढावेच लागतात. म्हणजे ज्या पावसासाठी एवढं केलं तो सगळा पाऊस आई देवळाच्या कट्ट्यावर. पोर्ट करताना हे 90 दिवस डोक्यात ठेवा, छत्रीखालचा कुणी सांगत नाही.

मग कारखान्यातल्या एका पोरानं सांगितलं की संचार साथी या सरकारी वेबसाइटवर बघा, आपल्या नावावर किती नंबर आहेत ते कळतं. आईचं सिम दोन दिवसांसाठी बेळगावला आणलं होतं, ओटीपी टाकला. तीन नंबर. एक आईचा. एक माझा जुना, तिच्या नावावर घेतलेला. तिसरा कुणाचा? मग आधारच्या वेबसाइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री, म्हणजे आधार कधी आणि कुणी तपासलं त्याची नोंद, काढली. त्या दिवशी, त्याच कंपनीकडून, तीन मिनिटांच्या अंतरानं, दोन वेळा केवायसी. दोन्ही यशस्वी. मला घाम फुटला. उद्या त्या नंबरवरून कुणाला लुबाडलं तर पोलिस 68 वर्षांच्या बाईच्या दारात येणार. तुमच्या आईवडिलांचं आज बघा. आत्ता बघा. आणि आधारची बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्या-डोळ्यांची ओळख, लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येते.

शोरूममध्ये गेलो. बाई म्हणाल्या, छत्रीवाले आमचे नाहीत, एजन्सीचे आहेत. कुठली एजन्सी? ते सांगता येत नाही. मग तो तिसरा नंबर तरी बंद करा. त्यासाठी त्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगा. अहो, तो नंबर आमच्याकडं नाही म्हणूनच तर आलोय! ‘मग कस्टमरला घेऊन या.’ दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेलो, पावसात, दोन बस बदलून. परत तेच, ओटीपी. आई त्यांच्या काउंटरसमोर आधार कार्ड धरून उभी होती आणि तिच्याच नावावरचा नंबर बंद करायला त्यांना तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची तरी परवानगी हवी होती. सिम देताना एक अंगठा पुरला की!

कस्टमर केअरला भाषा निवडा म्हणतात, मला मराठी सापडली नाही. हिंदीतून तक्रार दिली, नंबर घेतला. तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. चार दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली. काय निकाल? प्लॅनची मुदत 28 दिवसच होती, म्हणून. मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं ईमेल केला, त्याचंही तेच उत्तर. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही, हे मला ट्रायच्या वेबसाइटवर कळलं.

सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावला. व्यवहाराचा नंबर काय? रोख दिलेत. मग आम्ही काय थांबवणार? हे त्यांचं खरं आहे, ती लाइन खात्यातून गेलेला पैसा अडवायला आहे. म्हणून सांगतो, रोख देऊ नका. 40 रुपये जास्त गेले असते तर जाऊ द्यायचे होते.

पोलिसांकडं मराठीत अर्ज लिहून नेला. समोरच्यानं वरची ओळ बघून परत सरकवला, ‘कन्नडदाग बरकोंड बर्री.’ म्हणजे कानडीत लिहून आणा. कोर्टाजवळ 150 रुपये देऊन कानडीत टाइप करून आणला. तर म्हणे घटना खानापूरची, हे शहराचं पोलिस, तिकडं जा. तिकडं गेलो तर, सायबरचं आहे, बेळगावला जा. सायबरवाल्यांनी विचारलं, रोखीत सायबर कुठं आलं? मी म्हटलं, साहेब, पैसे सोडा, दुसऱ्याच्या नावावर फसवून सिम काढलंय, 2023 च्या टेलिकॉम कायद्यात त्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अर्ज ठेवून जा म्हणाले. पोच मागितली तर शिक्का उद्या. उद्या म्हणजे आणखी एक खाडा. माझे चार खाडे झाले, 750 प्रमाणे 3,000 रुपये, बसभाडं वेगळं. पोरानं लुटलं त्यापेक्षा जास्त मला न्याय मागताना गेले. दोन-अडीच हजारांसाठी एवढं कशाला फिरताय, असं तिथल्या एकानं मला आपुलकीनंच विचारलं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

शिक्का मिळाला, पण पाचव्या फेरीला. तो कागद मी जपून ठेवलाय. उद्या कुणी आईच्या दारात आलं तर दाखवायला तेवढाच आहे.

मावशीला मी 1,549 परत दिले. ती घेत नव्हती, मी तिच्या डब्यात ठेवून आलो. तिच्या नावावर मात्र एकच नंबर निघाला. बहुतेक त्या दिवशी त्या पोराला एकच जादा लागत होतं.

90 दिवस भरले त्या दिवशी आईच्या फोनवरून 1900 ला मेसेज मी स्वतः पाठवला. कोड चारच दिवस चालतो, म्हणून त्याच दिवशी जांबोटीतल्या ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मशीन आमच्याकडं तोंड करून ठेवलं. अंगठा तिसऱ्यांदा लागला, आणि आधी दोन्ही वेळी लाल खूण आली ती आईनं मला बोटानं दाखवली. 84 दिवसांचा प्लॅन मी माझ्या फोनवरून, कंपनीच्या ॲपमधून मारला.

संचार साथीवर ‘हा माझा नंबर नाही’ म्हणून नोंद केली आहे, तिचाही क्रमांक आहे माझ्याकडं. परवा रविवारी आईचं सिम घालून परत यादी उघडली. तिसरा नंबर अजून तिथंच आहे.