सादरीकरण की संगीतरचना?

पाश्चात्त्य संगीताच्या पदवीत सुरुवातीला स्वरज्ञान, हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी), इतिहास सगळ्यांनाच असतं. खरा पेच पुढे येतो: स्पेशलायझेशन कशात करायचं?

सादरीकरण घेतलंत की दिवस रियाजाभोवती फिरतो. दोन ओळींचा एकच तुकडा मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून घोटायचा, मग ६४, मग ६८. बोट अडखळलं की पुन्हा मागे. वर्षभराची मेहनत शेवटी एका मैफलीत जोखली जाते, आणि तिथे खोडरबर नसतं. मनगट, गळा, झोप, सगळंच जपावं लागतं.

रचनेत चूक कागदावर खोडता येते, पण ती उशिरा कळते. उदाहरणार्थ, बी-फ्लॅट क्लॅरिनेट हे फुंकवाद्य लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं: त्यासाठी ‘सी’ लिहिला तर ऐकू ‘बी-फ्लॅट’ येतो. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. अंगी मुरतं ते वादकाने आपली ओळ वाजवल्यावरच. त्यामुळे वादक मित्र हवेतच.

माझ्या मते, हात आपसूक वाद्याकडे जात असेल तर सादरीकरण घ्या. वाजवताना ‘इथे दुसराच स्वर हवा होता’ असं सारखं वाटत असेल, तर रचना. मात्र त्यासाठी बहुधा स्वतःच्या रचनांचा पोर्टफोलिओ मागतात. तो महिन्याभरात उभा राहत नाही, आत्ताच लिहायला घ्या.