एका घरात दोन औषधे: कोसेलुगो आणि गोमेकली

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी फ्रिजवर दोन कॅलेंडरे लावलेली आहेत. मुलीच्या कॅलेंडरवर कोसेलुगोच्या डोसांच्या रोज दोन खुणा होतात. पत्नीच्या कॅलेंडरवर गोमेकलीच्या एकवीस दिवस खुणा असतात आणि पुढचे सात दिवस कोरे राहतात. दोघींनाही न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १, म्हणजे एनएफ१, हा मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार आहे. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला हा दोष आई किंवा वडिलांकडून मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि आमच्या वाट्याला ती निम्मी आली. मुलीच्या मानेत आणि पत्नीच्या मांडीत मज्जातंतूंच्या जाळ्यात पसरलेली, शस्त्रक्रियेने पूर्ण काढता न येणारी गाठ आहे.

दोन्ही औषधे एकाच जातीची आहेत. पेशीच्या वाढीला एरवी आवर घालणारे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन या आजारात कमी पडते आणि वाढीचा निरोप थांबतच नाही. हा निरोप पुढे नेणाऱ्या मेक प्रथिनाला ही औषधे अडवतात. कोसेलुगोला (सेल्युमेटिनिब) अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये, दोन वर्षांवरील मुलांसाठी, मान्यता मिळाली. गोमेकलीला (मिरडामेटिनिब) फेब्रुवारी २०२५ मध्ये मुले आणि प्रौढ अशा दोघांसाठी मिळाली, म्हणून पत्नीची सुरुवात त्यानेच झाली. प्रौढांना कोसेलुगो नंतर खुले झाले.

पहिली काही वर्षे मुलीच्या औषधाची खरी अडचण घड्याळाची होती. कॅप्सूल घेण्याआधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामे ठेवायचे, दोन डोसांत सुमारे बारा तासांचे अंतर राखायचे आणि शाळाही गाठायची. वाढदिवसाच्या केकचा तुकडा हातात धरून घड्याळाकडे पाहणारी सहा वर्षांची मुलगी मला अजून आठवते. पुढे जेवणाचे हे बंधन काढून टाकण्यात आले, तेव्हा घरात सणासारखे वाटले. कॅप्सूल उघडून दह्यात मिसळता येत नाही, ती अख्खीच गिळावी लागते. कॅप्सूल गिळता न येणाऱ्या लहान मुलांसाठी कोसेलुगोचे दाणे अमेरिकेत २०२५ मध्ये मान्य झाले. गोमेकलीची पाण्यात विरघळणारी गोळीही मिळते आणि ती जेवणासोबत किंवा जेवणाविना चालते. दाणे येईपर्यंत या बाबतीत ते उजवे होते, असे मी निःसंकोच म्हणेन.

परिणामाच्या आकड्यांबाबत मात्र घाईने तुलना करू नये. कोसेलुगोच्या ज्या अभ्यासावर मुलांसाठीची मान्यता आधारलेली आहे, त्यात ५० मुलांपैकी ६६ टक्के मुलांच्या गाठीचे आकारमान किमान २० टक्क्यांनी घटले. गोमेकलीच्या ११४ जणांच्या अभ्यासात हेच प्रमाण मुलांत ५२ आणि प्रौढांत ४१ टक्के होते. प्रौढांवरील कोसेलुगोच्या अभ्यासात ते सुमारे २० टक्के होते, पण तिथे निकाल सोळाव्या चक्रापर्यंतचा (एक चक्र अठ्ठावीस दिवसांचे) होता आणि समोर औषधाविना गोळी घेणारा गट होता, तर गोमेकलीची मोजणी चोवीस चक्रांची होती. दोन्ही औषधे समोरासमोर ठेवून झालेला अभ्यास माझ्या वाचनात नाही, म्हणून या आकड्यांवरून कोणी विजेता ठरवत असेल तर त्याच्याकडे संशयाने पाहावे.

त्रास दोन्हींचा बराचसा सारखा आहे: पुरळ, जुलाब, मळमळ. मुलीच्या पायाच्या अंगठ्याची नखे मात्र वरचेवर सुजून पिकतात, त्यामुळे तिचे बूट नेहमी एक माप मोठे घेतो. कोसेलुगोच्या कॅप्सूलमध्ये ई जीवनसत्त्व असते. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, हे कळल्यावर तिच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बंद केल्या. कोसेलुगोसोबत चालत नाही म्हणून ग्रेपफ्रूट घरात येत नाही. हृदयाचा इको आणि डोळ्यांची तपासणी दोघींनाही चुकत नाही, कारण या जातीच्या औषधांनी हृदयाची ताकद घटू शकते आणि दृष्टिपटलालाही इजा होऊ शकते.

पत्नीला तो मोकळा आठवडा फार आवडतो. अंगावरचे पुरळ तेव्हा उतरते. तिची तक्रार औषधाविषयी नसून कुरिअरविषयी आहे. औषध घरपोच पाठवणाऱ्या फार्मसीने एकदा पार्सल चार दिवस उशिरा दिले आणि मोकळा आठवडा नको तितका लांबला. तेव्हापासून उरलेल्या कॅप्सूल मोजून दहा दिवस आधी फोन करण्याचे काम माझ्याकडे आहे.

मुलीचे औषध बदलावे का, हे आम्ही डॉक्टरांना विचारले होते. गाठ घटून स्थिर आहे आणि मान वळवताना ती आता कुरकुरत नाही, तेव्हा चालू आहे तेच राहू द्या, असे त्यांनी सांगितले, आणि आम्हालाही ते पटले.