कोजागिरीचा साउंडवाला: आवाज सहा, अर्थिंग दहा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीने कोजागिरीला नवा साउंड-लाइटवाला बोलावला. मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणून कमिटीने 'काका, तुम्हीच बघा' म्हणत हे काम माझ्या गळ्यात मारलं.

आवाज ठीकठाक. बेस जास्त, गायिकेचे शब्द मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचेनात. गाडी दीड तास उशिरा आली. कारण ट्रॅफिक, आणि घोडबंदरवर ते खोटं म्हणायची सोय नाही.

पण माइक गायिकेच्या हातात द्यायच्या आधी या गड्याने मल्टिमीटर काढला. एक पिन माइकच्या जाळीला, दुसरी गिटारच्या तारेला. आकडा आला 70 व्होल्ट! गिटारचा अँप सोसायटीच्या मीटर रूममधल्या वायरवर होता, मिक्सर जनरेटरवर, आणि जनरेटरला धड अर्थिंगच नव्हतं. गिटारवाल्या पोराची बोटं तारेवर असताना ओठ माइकला लागले असते, तर करंट त्याच्या अंगातून गेला असता. एका गणपतीत ओल्या स्टेजवर मी असा झटका खाल्लाय. साउंडवाला तेव्हा म्हणाला होता, 'चप्पल घालून वाजवा.'

याने तसलं काही सांगितलं नाही. स्टेजची सगळी लाइन जनरेटरवर घेतली, बागेच्या कडेला अर्थिंगची सळई ठोकून त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (करंट गळाला की लाइन तोडणाऱ्या स्विचचं) बटण दाबून ती पडते का, हे मला दाखवलं. पुन्हा मोजलं तर आकडा जवळजवळ शून्य. मगच साउंड चेक. आज्या ये-जा करतात तिथे केबलवर रबरी पट्टा, स्पीकरच्या स्टँडवर वाळूच्या पिशव्या, मिक्सरपाशी आग विझवायचा सीओटूचा सिलिंडर. हे सगळं न सांगता.

दोन गोष्टी मात्र सांगाव्या लागल्या. जनरेटरचा धूर थेट तळमजल्याच्या खिडकीत जात होता, तो हलवायला लावला. आणि पोरं स्पीकरला नाक लावून बसली होती. मोबाइलवर 100 डेसिबल दिसत होते. ॲपचा आकडा अंदाजेच, पण एवढ्या आवाजात 15 मिनिटांवर बसू नये असं अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं मोजमाप सांगतं. सतरंजी चार मीटर मागे सरकवली. बेसही तेव्हाच उतरवायला हवा होता.

पैसे नेहमीच्यापेक्षा दोन हजार जास्त गेले. खजिनदार अजून कुरकुरतायत. पुढच्या वर्षी मी त्यालाच बोलावणार, फक्त मिक्सरवर आमचा माणूस बसवून.

दहाला त्याने स्वतःहून सगळं बंद केलं. दूध बाराला, विनामाइक.