निकॉन २००-५०० एफ/५.६: लेन्स उत्तम, पण पेलायची कशी?

निकॉनने ऑगस्ट २०१५ मध्ये एएफ-एस निक्कोर २००-५०० एमएम एफ/५.६ई ईडी व्हीआर जाहीर केली आणि पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या, पण खिशाला मर्यादा असलेल्या माणसाची मोठी अडचण दूर झाली. त्याआधी निकॉनची ५०० एमएमची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यायची म्हणजे चारचाकीच्या पैशांचा हिशोब मांडावा लागे. आता मिररलेसचे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे दिवस आहेत, २०२३ मध्ये निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांसाठी झेड माउंटची १८०-६०० सुद्धा आली. तरी भिगवणच्या होडीत आणि ताडोबाच्या जिप्सीत ही जाडजूड काळी नळी अजून हमखास दिसते, आणि जुन्या बाजारात तर ती आता बऱ्यापैकी आवाक्यात आली आहे.

निवाडा आधीच सांगतो. काच, म्हणजे लेन्स, पैसे वसूल आहे. ‘फोटो मऊ येतात’, ‘फोकस चुकतो’, ‘आत बुरशी धरली’ या तिच्याबद्दलच्या नेहमीच्या तक्रारी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा धरण्याच्या, नेण्याच्या नि ठेवण्याच्या पद्धतीतून येतात. म्हणून इथे काचेबद्दल थोडं आणि हाताळणीबद्दल जास्त.

आत १२ गटांत १९ भिंगं आहेत, त्यांतली तीन ईडी (रंगांची झालर कमी करणाऱ्या) काचेची. २०० पासून ५०० पर्यंत अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, एफ/५.६ कायम राहतं (आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). या वर्गातल्या बहुतेक झूम लेन्स लांब टोकाला एफ/६.३ वर उतरतात, तिथे हा एक-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पहाटेच्या उजेडात कामी येतो. ४०० पर्यंत पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चित्र खणखणीत येतं. ५०० ला किंचित मऊपणा जाणवतो, तो एफ/८ ला जातो. पण उजेड कमी असेल तर एफ/८ च्या नादी लागू नका. एक स्टॉप गेला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दुप्पट होतो आणि मिळवलेला बारकावा नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, खाऊन टाकतो.

फोकस मोटर शांत आहे, पण प्राइमच्या वेगाची अपेक्षा ठेवू नये. एकदा फोकस सुटला की ती जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत चाचपडते आणि तोवर पक्षी निघून गेलेला असतो. बाजूला लिमिटरचं बटण आहे. पक्षी लांब असतील तर ते ‘फुल’वरून ‘अनंत ते ६ मीटर’वर आणून ठेवा. फुलपाखरू किंवा चतुर दिसला की पुन्हा ‘फुल’वर न्यायची आठवण मात्र ठेवावी लागते. किमान फोकस अंतर २.२ मीटर आहे आणि विस्तार ०.२२ पट, त्यामुळे चतुराचे पंख सुंदर येतात.

खरेदीआधी एक खात्री करा. नावातल्या ‘ई’चा अर्थ अ‍ॅपर्चर विजेवर चालतं. डी९०, डी८०, डी३००० यांसारख्या जुन्या बॉडीवर आणि फिल्म कॅमेऱ्यांवर ते आकुंचतच नाही. डी३१०० पासून पुढच्या बॉडी, तसंच डी३००, डी७०० चालतात. झेड बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडॉप्टर (डीएसएलआरची लेन्स झेडला जोडणारा) लावून उत्तम चालते, फक्त पहिल्या एफटीझेडच्या पायावर ट्रायपॉड लावायचा मोह टाळा. वजन नेहमी लेन्सच्याच कॉलरवर (लेन्सभोवतीच्या, पाय असलेल्या कड्यावर) घ्यायचं. १.४ पट टेलिकन्व्हर्टरने (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायच्या जोडभिंगाने) ७०० एमएम एफ/८ मिळतं, पण डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) मग मधले मोजके फोकस बिंदूच चालतात. आमच्या मते त्यापेक्षा चार पावलं पुढं सरकणं किंवा क्रॉप करणं बरं. २ पटचा विचारही करू नये.

आता वजन. कॉलरसह २३०० ग्रॅम. डी५०० बॉडी ८६० ग्रॅमची धरली तर एकूण जवळजवळ ३.२ किलो. यातलं बहुतेक वजन लेन्सचं आहे, म्हणून कॅमेरा तिला लावलाय असं समजूनच सगळं करायचं. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून लेन्स खाली लोंबकळत ठेवली की सगळा भार माउंटच्या कडीवर आणि तिच्या बारीक स्क्रूंवर येतो. चालताना बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याला हा भार वाढतो. माउंट केसभर जरी वाकलं तरी चित्राची एक बाजू कायम मऊ येते आणि दोष काचेला दिला जातो. पट्टा कॉलरच्या पायाला लावलेल्या प्लेटमध्ये अडकवा. तिरका खांद्यावरून घेतला तर लेन्स कमरेशी तोंड खाली करून राहते.

मूळ पाय आर्का पद्धतीचा (ट्रायपॉडच्या हेडमध्ये थेट सरकून बसणारा) नाही, त्यामुळे वेगळी प्लेट घ्यावीच लागते. लांब प्लेट घ्या, म्हणजे २०० आणि ५०० ला बदलणारा तोल पुढे-मागे सरकवून साधता येतो. प्लेटचा स्क्रू ढिला होणं हा या लेन्स पडण्याचा सगळ्यात साधा मार्ग आहे. गाडीची थरथर त्याला रोज थोडा थोडा उलगडत असते. प्रत्येक बाहेर पडण्याआधी अ‍ॅलन की घेऊन तो एकदा आवळून घ्या, कॉलरची घुंडीही बघा.

हातात धरताना डावा तळवा झूम रिंगच्या खाली, कोपर छातीला टेकलेलं. ५०० ला नळी बाहेर आल्यावर तोल पुढे जातो, तेव्हा हातही पुढे न्यायचा. मागे, कॅमेऱ्याजवळ धरलं तर मनगट दहा मिनिटांत दमतं, शिवाय बोटं फोकस रिंगवर पडतात. एम/ए मोडमध्ये रिंग नकळत फिरली तरी फोकस हलतो. झूम रिंगचा फेर लांब आहे. २०० वरून ५०० ला जाताना हाताची पकड एकदा बदलावी लागते, आणि अचानक उडालेल्या पक्ष्यापाशी हीच खरी अडचण होते. उडत्या पक्ष्यांसाठी ३५० च्या आसपास तयार राहून मग झूम वाढवणं सोपं पडतं.

हिशोब डोक्यात ठेवला तर जागा निवडणं सोपं होतं. फुल फ्रेमवर ५०० ला १० मीटरवर चौकट सुमारे ७२ सेंटिमीटर रुंद असते, डीएक्सवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ४७. लहान खंड्या साधारण १६ सेंटिमीटरचा, म्हणजे डीएक्सवर तो चौकटीचा एक-तृतीयांश भरतो. त्याच अंतरावर एफ/५.६ ला स्पष्ट दिसणारी खोली फुल फ्रेमवर जेमतेम १३ सेंटिमीटर, डीएक्सवर ९. फोकस पंखावर पडला तर डोळा गेलाच. डीएसएलआर असेल आणि फोकस सतत पुढे किंवा मागेच पडत असेल तर एएफ फाइन ट्यून करा, म्हणजे कॅमेऱ्याच्या मेनूत आकडा देऊन ती चूक दुरुस्त करा. बहुतेक कॅमेरे एका झूमसाठी एकच आकडा साठवतात, म्हणून ते ५०० ला करायचं. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत ही सोय नाही.

व्हीआर ४.५ स्टॉपचं आहे आणि खरंच काम करतं, पण ते फक्त तुमच्या हाताची थरथर थांबवतं, पक्ष्याची नाही. फांदीवर निवांत बसलेल्यासाठी १/५०० पुरतं, इकडे-तिकडे मान वळवणाऱ्यासाठी १/१००० हवा, उडत्यासाठी १/२००० किंवा त्याहून वर. शटर अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थांबेपर्यंत अर्धा सेकंद थांबा, मग पूर्ण दाबा. पॅनिंग करताना (हलत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना) किंवा डुलत्या होडीत व्हीआर ‘स्पोर्ट’वर लावा, ‘नॉर्मल’मध्ये चित्र मागे ओढल्यासारखं होतं नि मग उडी मारतं. ट्रायपॉडचं हेड घट्ट आवळलेलं असेल तर व्हीआर बंद. हेड मोकळं किंवा मोनोपॉड असेल तर चालू. कॅमेरा बंद करण्याआधी किंवा लेन्स काढण्याआधी व्हीआर थांबू द्या. चालू असतानाच बंद केला तर लेन्स हलवल्यावर आत खडखडते. ती मोडलेली नसते, कॅमेरा पुन्हा लावून चालू केला की आवाज जातो.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो घेताना ऊन चढलं की सगळं अंधुक यायला लागतं. पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाने हवा लहरते, आणि ५०० एमएम त्या लहरींनाच मोठं करतं. कुठलाही शटर स्पीड, कुठलीही महागडी लेन्स यावर उपाय नाही. लवकर निघा किंवा अंतर कमी असेल असा पक्षी निवडा. अंतर कमी करायचं म्हणून नावाड्याला थव्यात होडी घालायला लावू नका. थवा उडवून मिळालेल्या फोटोत फक्त पाठमोरे पंख येतात, आणि चरणाऱ्या पक्ष्यांची पोटाची वेळ आपण मोडलेली असते.

होडीत लेन्स एका हातातून दुसऱ्या हातात देताना समोरच्याने ‘धरली’ म्हटल्याशिवाय सोडायची नाही.

जिप्सीत बीन बॅगइतका चांगला आधार दुसरा नाही. रिकामी पिशवी न्यायची आणि मुक्कामी दोन-तीन किलो तांदूळ किंवा राजमा भरायचा. कॉलर सैल करून पाय वर फिरवा आणि लेन्सचा जाड, स्थिर भाग बॅगवर टेकवा. बाहेर आलेल्या नळीवर भार टाकायचा नाही, तिथे आतले रेलच वजन घेतात. चालकाला इंजिन बंद करायला सांगा. बारीक थरथर व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही, फोटोत दिसते.

धूळ हा या लेन्सचा खरा शत्रू, कारण झूम करताना नळी बाहेर येते आणि आत हवा ओढते. समोरून गाडी गेली की बाहेर आलेल्या नळीवर पिठासारखा थर बसतो. तसंच २०० ला आणलं तर तो थर नळीच्या गळ्याशी असलेल्या पट्टीत घासला जातो, काही आत जातो, आणि काही दिवसांनी झूम फिरवताना करकर जाणवायला लागते. आधी मऊ ब्रशने नळी चौफेर झाडा, मगच आत घ्या. गाडी चालू असताना २०० ला आणून लॉक करा. लॉक फक्त तिथेच आहे. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला वेगवेगळ्या आकड्यांवर लॉक मिळतं, ती सोय इथे हवी होती. नवी १८०-६०० झूम करताना लांबच होत नाही, आणि झेड बॉडी असेल तर तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला हे एक कारण पुरेसं आहे.

सूर्याबद्दल गंभीरपणे. ५०० ला एफ/५.६ म्हणजे उजेड घेणारं तोंड ८९ मिलिमीटर व्यासाचं. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. एवढ्या तोंडाने गोळा केलेलं ऊन सेन्सरवर साधारण साडेचार मिलिमीटरच्या ठिपक्यात उतरतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे क्षणभरही पाहू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. मिररलेसला शटर उघडं असल्याने सेन्सर भाजतो. टोपण न लावता गाडीच्या सीटवर उन्हात ठेवलेली लेन्स भिंगासारखी सीटचं कापड पेटवू शकते. घारीमागे फिरताना सूर्य चौकटीत येतोय असं दिसलं की सोडून द्या. ग्रहणासाठी सौर फिल्टर नेहमी पुढच्या काचेवर लावायचा, मागे कधीच नाही.

पुढच्या ९५ एमएमच्या काचेवर स्वस्त यूव्ही फिल्टर लावू नका, ५०० ला तो बारीक तपशील मारतो. हूड हेच संरक्षण, कायम लावलेलं असू द्या. काच पुसताना आधी ब्लोअर, मग ब्रश, त्यानंतरच लेन्सचं द्रावण कापडावर घेऊन हलक्या हाताने. अक्षीसारख्या किनाऱ्यावरून आल्यावर बाहेरची नळी किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडी करा. खारं मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं.

पावसाळ्यात बुरशी. सोबत मिळणाऱ्या कापडी पिशवीत लेन्स महिनोनमहिने ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं, कापड ओलावा धरून ठेवतं. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, वंगण आणि रबर सुकतं. कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा हवाबंद डबा, पाव किलो सिलिका जेल आणि आत छोटं हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं). निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, म्हणून नारंगी घ्या, आणि ते तापवायला जेवणाचा ओव्हन वापरू नका. डांबर गोळ्या किंवा कापूर डब्यात ठेवायचा नाही, त्यांची वाफ काचेवर बसते. एसी गाडीतून दमट हवेत उतरताना बॅगची चेन अर्धा तास तरी बंद ठेवा, दव काचेऐवजी बॅगवर धरेल.

विमानात लेन्स आणि बॉडी वेगळी करून, दोन्ही टोपणं लावून, केबिन बॅगेत. देशांतर्गत प्रवासात साधारण सात किलोची मर्यादा असते, त्यात ही जोडी सहज बसते.

जुनी घेत असाल तर टॉर्च सोबत न्या. मागच्या बाजूने उजेड टाकून पुढून तिरकं बघा, २०० ला एकदा आणि ५०० ला एकदा. धुळीचे चार कण असले तर हरकत नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर उठून या. ५०० ला एफ/५.६ वर विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच बाजू मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. झूम रिंग पूर्ण फिरवताना कुठे अडते का, माउंटच्या स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का, हेही पाहा. स्क्रू कुणीतरी उघडलेले असतील तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.